खाल्लेले अंगी का लागत नाही?

घोडा, हत्ती आणि पोटाच्या मागच्या टोकाला असलेली टाकी

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला. धानोरा, कुरखेडा, कोरची, देसाईगंज असा तो पुढे फिरत राहिला. एप्रिल २०२४ मध्ये एक एकटा टस्कर दक्षिणेला पार भामरागड तालुक्यापर्यंत येऊन पोहोचला. हत्ती धानाच्या बांध्यांतून निघून जातात, मागे तुडवलेले पीक आणि लिदीचे गोळे राहतात. असा एखादा गोळा काठीने उकलून पाहिला तर आत बांबूचे बोटभर लांब धागे, सालीचे तुकडे आणि अख्ख्या बिया सापडतात. जवळच गाईचे शेण पडलेले असेल, तर ते मात्र मऊ आणि एकजीव, उचलून अंगण सारवावे असे.

दोघेही गवत-पाला खाणारेच. मग एकाच्या पोटात त्याचा लगदा होतो आणि दुसऱ्याच्या पोटातून निम्मा माल जसाच्या तसा बाहेर कसा पडतो?

माथेरानच्या रस्त्यावरची घोड्याची लीद उकलली, तरी हाच प्रश्न पडेल. तीही भुसकटासारखी, काड्या दिसणारी. घोडा हा भामरागडच्या जंगलाचा प्राणी नव्हे. इथे तो बहुतेक गोंडांच्या देवस्थानांत वाहिलेल्या मातीच्या घोड्यांच्या रूपातच भेटतो. पण पोटाच्या रचनेत तो हत्तीचा जवळचा सोबती आहे. म्हणूनच अहेरी तालुक्यातल्या कमलापूरच्या हत्ती कॅम्पमधला माहूत आणि सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी घेऊन आलेला शेतकरी यांची काळजी पुष्कळदा एकच असते. जनावर दिवसभर खाते, पण बरगड्या दिसायला लागल्या. कधी पातळ हगवण, कधी दोन दिवस लीदच नाही. जंताचे औषध दिले, टॉनिक दिले, खुराक वाढवला, तरी फरक नाही. हे का होते ते कळायला आधी पोटाचा नकाशा पाहावा लागतो.

## टाकी पुढे की मागे?

गवताचा सांगाडा सेल्युलोजचा असतो. तो पचवणारा रस गाय, घोडा, हत्ती यांपैकी कोणाच्याच शरीरात तयार होत नाही. हे काम जिवाणू करतात. म्हणून गवत खाणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्राण्याच्या पोटात जिवाणूंची एक मोठी टाकी असते. खेड्यातल्या गोबरगॅसच्या टाकीसारखीच ही टाकी चालते. हवा नाही, ऊब आहे, पाणी आहे, एका बाजूने माल आत येतो आणि दुसऱ्या बाजूने रबडी बाहेर पडते. गोबरगॅस सुरू करताना आपण टाकीत शेण घालतो, कारण कामकरी जिवाणू त्यातूनच येतात.

फरक आहे तो टाकी कुठे बसवली आहे याचा. गाई-म्हशींत ती अगदी पुढे, खऱ्या जठराच्या आधी असते. तिला कोटीपोट म्हणतात. मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. गाय आधी गिळते, मग निवांत बसून रवंथ करते. कण पुरेसे बारीक झाल्याशिवाय कोटीपोट त्यांना पुढे सोडत नाही. म्हणून शेण बारीक असते.

घोडा, गाढव, हत्ती, गेंडा आणि ससा यांच्यात टाकी शेवटी असते. अन्न आधी जठरातून आणि लहान आतड्यातून जाते, मग टाकीत पडते. इथे रवंथ नाही आणि अडवणारी चाळणीही नाही. जे चावायचे ते पहिल्याच वेळी तोंडात.

## घोड्याच्या पोटातला प्रवास

घोड्याचे जठर त्याच्या अंगाच्या मानाने फार लहान असते, ८ ते १५ लिटरचे. त्यात आम्ल दिवसरात्र पाझरते, मग घोडा खात असो वा उपाशी असो. त्या आम्लाची धार बोथट करणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. एक किलो वाळले गवत चावायला घोड्याला सुमारे ४० मिनिटे लागतात, एक किलो दाणा तो १० मिनिटांत संपवतो. म्हणजे दाण्यावर ठेवलेल्या घोड्याला लाळ कमी मिळते आणि आम्ल तेवढेच राहते. जठरात व्रण होण्याचे हे मोठे कारण आहे. त्यातून घोड्याला ओकता येत नाही. आत गेलेले पुढेच जाणार.

पुढचे लहान आतडे २० मीटरहून लांब असते, पण अन्न ते काही तासांतच ओलांडते. दाण्यातला स्टार्च, प्रथिने आणि तेल यांचे पचन इथेच व्हायला हवे. घोड्याला पित्ताशय नसते, पित्त यकृतातून थेंब थेंब सतत येत राहते. थोडे-थोडे, सारखे खाणाऱ्या प्राण्याला हीच सोय पुरते. हत्तीलाही पित्ताशय नसते.

त्यानंतर टाकी. पहिला कप्पा म्हणजे अंधांत्र. ही एका बाजूने बंद, सुमारे मीटरभर लांबीची पिशवी, ३० लिटरच्या आसपास. तिच्यापुढे मोठे आतडे, तिच्याहून कितीतरी मोठे, वळणावळणांचे. इथे जिवाणू गवत कुजवतात आणि त्यातून लहान आम्ले तयार होतात. व्हिनेगरमधले आम्ल त्याच जातीचे. ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतात. चाऱ्यावर जगणाऱ्या घोड्याला निम्म्याहून अधिक ऊर्जा या आम्लांतून मिळते. दाणा न खाता चरून धष्टपुष्ट राहणारी तट्टे याच हिशेबावर जगतात.

## मग ही रचना टिकली कशी?

टाकी मागे असण्याचा तोटा उघड आहे. टाकीतले जिवाणू स्वतः उत्तम प्रथिन असतात. गाईत ते पुढे खऱ्या जठरात पोहोचतात आणि पचून जातात. गाय जणू स्वतःच्या जिवाणूंचीच शेती खाते. घोड्यात हे जिवाणू लहान आतड्याच्या पुढे तयार होतात, त्यामुळे त्यांचा मोठा भाग लिदीतून वाया जातो. म्हणून घोड्याला प्रथिन चाऱ्यातूनच मिळावे लागते. ससा त्यावर आपलीच मऊ लेंडी पुन्हा खाऊन उपाय करतो. शिंगरू आणि हत्तीचे पिल्लू आईची लीद खाताना दिसते, ते मात्र टाकीत जिवाणूंची पहिली पेरणी करण्यासाठी.

फायदाही तितकाच मोठा. चारा निकृष्ट, काडीमय असेल तर गाय अडकते, कारण कण बारीक झाल्याशिवाय कोटीपोट रिकामे होत नाही आणि नवा चारा घ्यायला जागा उरत नाही. घोडा आणि हत्ती मात्र ‘थोडे पचवा, बाकीचे सोडा, आणखी खा’ या हिशेबाने चालतात. १९७६ मध्ये क्रिस्टीन जॅनिस या संशोधिकेने घोड्याच्या कुळाची उत्क्रांती याच कारणाने समजावून सांगितली. आशियाई हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या घरात हिरवा चारा खातो, त्यासाठी चौदा-सोळा तास चरतो आणि त्यातला निम्म्याहून कमीच पचवतो. लिदीतले बांबूचे धागे हे आजाराचे लक्षण नाही, ती त्याची रीत आहे.

पण या रीतीला एक अट आहे. माल सतत, पुरेसा आणि चावून आत यायला हवा. यांपैकी एक गोष्ट चुकली की जनावर खंगते.

## पहिली गळती : तोंड

घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला २ ते ३ मिलिमीटर, आणि गवताने तितकेच झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा सुटतात व धारदार होतात. त्या गालाला आणि जिभेला बोचतात. घोडा चावायचे टाळतो. गवताचे अर्धवट चावलेले बोळे तोंडातून पडतात, दाणा सांडतो, लिदीत अख्खे दाणे आणि लांब काड्या दिसतात. मागच्या टाकीतल्या जिवाणूंना एवढे मोठे तुकडे वेळेत फोडता येत नाहीत. औषधांवर कितीही खर्च केला तरी त्या कडा पशुवैद्यकाकडून घासून घेतल्याशिवाय वजन भरत नाही.

हत्तीची गोष्ट याहून निर्वाणीची आहे. त्याला आयुष्यात दाढांचे सहा संच मिळतात. नवी दाढ मागून पुढे सरकत येते आणि जुनी झिजून तुकड्यांनी गळते. सहावा संच झिजला की सातवा नाही. साठीच्या पुढचा हत्ती भर जंगलात चाऱ्याच्या मधोमध उभा राहूनही वाळत जातो, त्याचे कारण बहुधा हेच. अशा हत्तीला चारा कापून, ठेचून, मऊ शिजवलेला आहार द्यावा लागतो. हत्ती कॅम्पमध्ये चारा कापून देणाऱ्या माणसाचे, म्हणजे चाराकटर या पदाचे, मोल तिथे कळते.

## दुसरी गळती : टाकी बिघडते

वजन उतरले की मालक पहिल्यांदा खुराक वाढवतो. हरभरा, जव, मक्याचा भरडा, गूळ. हेतू चांगला, पण गणित उलटे पडते. लहान आतड्याला एका वेळी ठराविकच स्टार्च पचवता येतो. सुरक्षित मर्यादा घोड्याच्या दर किलो वजनाला एका जेवणात सुमारे १ ग्रॅम स्टार्च. अडीचशे किलोच्या तट्टाला ती एका वेळी साधारण अर्धा किलो दाण्यातच गाठली जाते. उरलेला स्टार्च टाकीत जाऊन पडतो.

गोबरगॅसच्या टाकीत एकदम शिळ्या भाताची पातेली ओतली तर काय होते ते ज्यांच्या घरी संयंत्र आहे त्यांना ठाऊक असेल. आत आंबटपणा वाढतो, गॅस बंद पडतो आणि टाकी पुन्हा लागायला दिवस जातात. घोड्याच्या टाकीतही तेच घडते. गवत फोडणारे जिवाणू मरतात, स्टार्चवर जगणारे माजतात, आम्ल वाढते. हगवण लागते, पोट दुखते आणि कधी खुराला सूज येऊन घोडा लंगडतो. म्हणजे जाड करायला दिलेला दाणा गवताचे पचनच मोडतो.

उलट टोकाला धानाची तणीस आहे. गडचिरोलीत चारा म्हणून तीच सर्वत्र असते. तिच्यात प्रथिन फार कमी आणि सिलिका भरपूर. नुसत्या तणशीवर ठेवलेल्या घोड्याचे पोट भरते, अंग भरत नाही. त्यात उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर तिचा गोळा होऊन आतडे तुंबते. भाताचा कोंडा स्वस्त असतो, पण त्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम नगण्य. महिनोन् महिने तो मुख्य खुराक झाला तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढते आणि जबड्याची हाडे सुजतात.

## तिसरी गळती : आतले भाडेकरू

मोठ्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत शिरून दडून बसतात. त्या तिथे महिनोन् महिने सुप्त राहतात आणि कधी एकदम हजारोंनी बाहेर पडतात. मग असह्य हगवण, झपाट्याने उतरणारे वजन, पोटाखाली सूज. भिंतीत लपलेल्या अळ्या अंडी घालत नाहीत, त्यामुळे लिदीच्या तपासणीत अंडी न दिसणे म्हणजे जंत नसणे असे नव्हे. शिवाय एकच औषध वर्षानुवर्षे कॅलेंडर बघून दिल्याने जंत त्याला दाद देईनासे होतात. म्हणून औषध देण्याआधी आणि दिल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी लिदीतली अंडी मोजून घ्यावी. तेवढ्यावरून औषध लागू पडले की नाही ते कळते.

## पोट बरे, तरी खंगतो : सर्रा

पावसाळ्यात आणि त्यानंतर, घोडमाश्यांच्या दिवसांत, एक आजार पोटाच्या तक्रारीचे सोंग घेऊन येतो. घोडा खातो, पण वाळत जातो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. हिरड्या फिकट पडतात, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो. हा सर्रा. रक्तात पोहणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा एकपेशीय परजीवी तो घडवतो. रक्त पिणाऱ्या माश्या त्याला एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाने डेरा इस्माईल खान इथल्या घोडे-उंटांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. घोड्यात तो उपचाराविना जिवावर बेततो. गुरांत अनेकदा लक्षणेच दिसत नाहीत, त्यामुळे गोठ्यातली धडधाकट म्हैस शेजारच्या घोड्याला धोका ठरू शकते. हत्तींनाही तो होतो.

या परजीवीच्या इतिहासात आपल्याच भागाची एक ठळक नोंद आहे. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. माणसाला झालेला सर्रा निर्विवादपणे सिद्ध झाल्याची जगातली ती पहिली घटना. माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते, ते त्या रुग्णाच्या शरीरात तयारच होत नव्हते. योग्य औषधाने तो बरा झाला. इतरांना हे प्रथिन बहुधा वाचवते. पण वाळत चाललेल्या घोड्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता त्याला पाचक चूर्णांवर ठेवणे इथे तरी परवडणारे नाही.

## सावरायचे कसे?

पहिले काम मोजण्याचे. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या जनावराचे उतरणे कळत नाही. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १३० असेल तर वजन सुमारे २४६ किलो. दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहा. जोडीला हात फिरवून बरगड्या, पाठीचा कणा आणि शेपटीचे मूळ चाचपा. १९८३ मध्ये डॉन हेनेके यांनी या चाचपणीला १ ते ९ असे गुण दिले, ५ म्हणजे ठीक, ३ किंवा त्याहून कमी म्हणजे बारीक. केसाळ घोड्यात डोळे फसतात, हात फसत नाही.

दुसरे, चाऱ्याचा पाया. वजनाच्या किमान दीड टक्का, आणि वजन भरायचे असेल तर दोन ते अडीच टक्के कोरडा चारा रोज. अडीचशे किलोच्या तट्टाला ५ ते ६ किलो वाळले गवत. रात्रीही काहीतरी चघळायला हवे. पोट फार वेळ रिकामे राहता कामा नये. प्रथिनासाठी लसूणघास. दात गेलेल्या म्हाताऱ्या घोड्याला चारा बारीक कापून, भिजवून.

तिसरे, ताकद दाण्याऐवजी तेलातून. खाद्यतेलात स्टार्च नसतो, त्यामुळे टाकी आंबट होत नाही. दोन चमच्यांपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. लीद तेलकट किंवा पातळ झाली तर मागे यावे. कोणताही बदल, अगदी जुन्या गवताच्या जागी नवे गवतसुद्धा, दहा ते चौदा दिवसांत करावा. टाकीतल्या जिवाणूंची वस्ती नव्या मालाला जुळायला एवढा वेळ घेते.

चौथे, पाणी आणि वाळू. विश्रांतीत दर शंभर किलो वजनाला दिवसाला सुमारे ५ लिटर पाणी, उन्हाळ्यात किंवा कामावर त्याच्या दुप्पट. नदीकाठी वाळूवर चारा टाकू नये. वाळू मोठ्या आतड्यात साठते आणि जुनाट हगवण लावते. लिदीचे चार गोळे पारदर्शक पिशवीत पाण्यात कालवून टांगले की वाळू तळाशी बसलेली दिसते.

आणि एक सावधगिरी. उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या घोड्यापुढे दाण्याची पाटी ठेवणे जिवावर बेतू शकते. अन्न एकदम मिळाले की रक्तातली क्षारांची पातळी कोसळते आणि हृदय बंद पडू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी अशा घोड्यांवर काम करून थोडी-थोडी लसूणघास दिवसातून अनेकदा देण्याची पद्धत सांगितली. वजन परत यायला महिने लागतात.

चौकट : पशुवैद्यक येण्याआधी तपासा

- तोंड : गवताचे बोळे पडतात का? तोंडाला वास, एका बाजूने चावणे?
- लीद : अख्खे दाणे, लांब काड्या, वाळू, पातळपणा, दिवसातून किती वेळा?
- हिरड्या : फिकट की गुलाबी? ताप येऊन-जाऊन?
- पोटाखाली किंवा पायांवर सूज?
- गेल्या महिन्यात चारा, जागा किंवा काम बदलले का?
- वेदनाशामक औषध किती दिवस चालू आहे? फेनिलब्युटाझोनसारखे औषध लांबले तर आतड्यालाच जखमा करते.
- कोंबड्यांचे किंवा गुरांचे तयार खाद्य दिले का? त्यात मोनेन्सिन असल्यास ते घोड्याला विषासमान.
- ताबडतोब बोलवा : पोटाकडे वळून पाहणे, लोळणे, लीद बंद होणे, रक्ती हगवण.

## लांबच्या दवाखान्याचे गणित

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. अशा ठिकाणी पशुवैद्यकाची एक भेट फार मोलाची असते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, आणि अवघड रोग्यासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. पण तिथे पोहोचणाऱ्या नमुन्याबरोबर वजनाची वही, चाऱ्याची यादी आणि औषधांच्या तारखा गेल्या, तर निदानाचे निम्मे काम आधीच झालेले असते.

कमलापूरचे हत्ती एकेकाळी या पट्ट्यातल्या सागवानी ओंडके ओढण्याचे काम करायचे. आज ती मेहनत नाही, पण हिवाळ्यात त्यांना काही दिवसांची सुट्टी देऊन पायांना औषधी लेप लावण्याची, म्हणजे चोपिंगची, रीत चालू आहे. बाकी दिवसांत जंगलात मोकळे चरणे. लिदीतून निम्मा चारा परत टाकणाऱ्या प्राण्याला चरण्याची ही मोकळीक खुराकाच्या कोणत्याही पाटीहून जास्त उपयोगी पडते. तबेल्यात दोन वेळच्या दाण्यावर बांधून ठेवलेल्या घोड्याला हाडे निघाल्यावर टॉनिक शोधण्याआधी त्याच्या मालकाने दोन प्रश्न विचारावेत : दिवसातले किती तास हा चरतो, आणि खाल्लेले नीट चावतो का? बहुतेक वेळा आजाराचा धागा तिथूनच हाती लागतो.